वेष्टनावरील तारीख आणि आपला विवेक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात आम्ही दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आजवर ज्ञातीचा इतिहास, स्त्रीशिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, व्यापारातील सचोटी अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. तागडी, गल्ला आणि उधारीची वही यांच्या सहवासात चाळीस वर्षे काढलेले आम्ही किराणा दुकानदार आहोत. म्हणून चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही आमच्या फळीवरचाच विषय सांगितला : खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर छापलेली तारीख. चिटणीस क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, “अण्णा, विषय अंमळ लहान नाही का?”

विषय लहान आहे हे आम्हांस मान्य आहे. ती तारीखही इतकी लहान छापलेली असते की, आमच्या वयाच्या माणसास ती वाचण्याकरिता चष्मा आणि उजेड ही दोन्ही शोधावी लागतात. परंतु त्या लहान अक्षरांनी आम्हांस एकदा असा धडा शिकविला की, तो चारचौघांत सांगितल्यावाचून आमच्या मनावरचे ओझे उतरणार नाही. सभेत आपले कर्तृत्व सांगण्याची रीत आहे. आज आम्ही आपली चूक सांगणार आहोत.

आपल्या विद्यार्थी वसतिगृहाची कोठी सांभाळण्याचे काम २०१८ साली आमच्याकडे होते. भाद्रपदात कोठीची झाडाझडती घेताना रव्याच्या आणि पोह्यांच्या पुड्या निघाल्या. सारे मिळून पंचेचाळीस किलोंचा माल. पुड्यांवर ‘बेस्ट बिफोर’ म्हणून जी मुदत छापली होती, ती उलटून नऊ दिवस झाले होते. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी एक पुडी फोडली, चिमूटभर रवा तळहातावर घेऊन बोटाने पसरला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “अण्णा, रव्याला काही झालेलं नाही. अळी नाही, जाळी नाही, वास नाही. चाळून-भाजून ठेवते, पंधरा दिवसांत संपवते.” आम्ही त्यांना पुडीवरची तारीख दाखविली. म्हणालो, “मावशी, तारीख उलटली आहे. मुलांच्या जिवाशी खेळ नको.” वसतिगृहामागे खड्डा खणून तो सारा माल आम्ही आमच्या देखत पुरविला. आपण कर्तव्य केले, अशा समाधानाने त्या रात्री आम्हांस झोपही चांगली लागली.

पुढे महिन्याभराने कोजागिरी आली. एका दात्याने मुलांसाठी बासुंदीचे बंद डबे पाठविले. आम्ही तारीख पाहिली. मुदत संपावयास सहा दिवस होते. डबे शीतकपाटात ठेवले. आदल्या दिवशी दुपारी वीज गेली ती चौदा तासांनी आली. शीतकपाट पुन्हा चालू झाले, डबे पुन्हा गार झाले आणि झाल्या प्रकाराचा आम्हांस विसर पडला. वाढण्यापूर्वी मावशींनी चमचाभर बासुंदी चाखली. “अण्णा, चव जराशी उतरल्यासारखी वाटते,” त्या म्हणाल्या. आम्ही डबा उलटा करून त्यांना तारीख दाखविली. “अजून सहा दिवस आहेत, मावशी.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखे आम्ही काही ठेवलेच नव्हते.

त्या रात्री अकरा मुलांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. त्यांपैकी दोघांना रुग्णालयात नेऊन सलाईन लावावे लागले. ईश्वरकृपेने तीन दिवसांत सारी मुले बरी झाली. एका मुलाचे वडील गावाहून धावत आले होते. त्यांनी रागाचा एक शब्द उच्चारला नाही. एवढेच विचारले, “तारीख पाहिली होती ना, अण्णा?” आम्ही म्हणालो, “पाहिली होती.” उत्तर खरे होते, तरीही त्या उत्तराची आम्हांस आजतागायत लाज वाटते.

बंधुभगिनींनो, एका महिन्याच्या अंतराने, याच दोन हातांनी आम्ही चांगले अन्न मातीत घातले आणि बिघडलेले अन्न मुलांच्या पानात वाढले. आणि ही दोन्ही कृत्ये तारीख पाहूनच केली. तारीख खोटी नव्हती. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तेव्हापासून या विषयाचा आम्ही जमेल तसा अभ्यास केला. तोच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हा प्रश्न घेऊ की, आपल्या वाडवडिलांचे या तारखेवाचून कसे भागत असे? उत्तर सोपे आहे. त्यांना अन्नाचा जन्म ठाऊक असे. तांदूळ कोणत्या शेतातला, तूर कोणत्या हंगामातली, तेल कोणत्या घाण्याचे, हे घरातल्या बाईला माहीत असे. वर्षाचे धान्य भरावयाचे ते कडकडीत ऊन देऊन. डाळीला एरंडेलाचा हात लावावयाचा. कणगीत कडुनिंबाचा पाला घालावयाचा. बरणीत ओला चमचा घातला तर आजीचा आवाज माजघरातून ओसरीपर्यंत येत असे. बाजरीचे पीठ चार-सहा दिवसांचेच दळून आणावयाचे, कारण ते लवकर कडू होते, हे सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. थोडक्यात, प्रत्येक जिनसाची मुदत घरातल्या स्त्रीच्या स्मरणात लिहिलेली होती.

मग अन्न करणारा आणि अन्न खाणारा यांच्यातील अंतर वाढत गेले. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि तिचे दूध बाटल्यांतून मुंबईकरांच्या दारी येऊ लागले. दारातला गवळी गेला, त्याबरोबर त्याला जाब विचारण्याची सोयही गेली. पुढे पीठ, मसाले, तेल, लोणची, मिठाया ही सारी एकामागून एक वेष्टनात शिरली. वेष्टनातल्या वस्तूला वास घेता येत नाही, चिमटीत धरता येत नाही. जे नाकाने आणि बोटांनी कळत असे ते कागदावर लिहून देणे भाग पडले. अन्नभेसळ प्रतिबंधाचा कायदा १९५४ सालचा. त्याची आणि इतर फुटकळ आदेशांची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली, आणि त्या कायद्यान्वये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण अस्तित्वात आले. वेष्टनावर काय छापावे हे आज हे प्राधिकरण ठरविते. परंतु छापलेल्याचा अर्थ समजून घेणे हे काम त्याने आपल्याकडेच ठेवले आहे.

वेष्टनावर तीन प्रकारच्या तारखा आढळतात. त्यांची गल्लत होते म्हणून त्या निरनिराळ्या सांगतो.

पहिली, माल तयार केल्याची किंवा बांधल्याची तारीख. ही भूतकाळाची तारीख. हिच्यावरून वस्तूचे वय कळते.

दुसरी, ‘बेस्ट बिफोर’. हिचा शब्दशः अर्थ ‘या दिवसाच्या आत उत्तम’. सांगितल्याप्रमाणे साठवण केली असता या तारखेपर्यंत वस्तूचा स्वाद, कुरकुरीतपणा, रंग, सुवास हे सारे आम्ही सांगितले तसेच राहील, असे उत्पादक त्यात म्हणतो. तारखेनंतर वस्तू विषारी होते असे तो म्हणत नाही. बिस्किट मऊ पडेल, मसाल्याचा दरवळ कमी होईल, चहाचा रंग उतरेल. ही तारीख प्रामुख्याने गुणवत्तेची आहे.

तिसरी, ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’, म्हणजे ‘या तारखेपर्यंतच वापरावे’. ही सुरक्षिततेची तारीख आहे. तिच्यानंतर वस्तूची गुणवत्ता आणि निर्धोकपणा या दोहोंचीही शाश्वती उरत नाही, म्हणून ती विकावयाची नाही. येथे ‘चालतंय की’ हे आपले लाडके सूत्र चालत नाही.

आता एक बदल लक्षात घ्यावयास हवा. आमची चूक घडली त्या २०१८ साली बहुतेक मालावर ‘बेस्ट बिफोर’ छापले की पुरत असे. प्राधिकरणाने २०२० साली लेबलांविषयीचे नवे विनियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार माल तयार केल्याची वा बांधल्याची तारीख आणि ‘एक्सपायरी’ अथवा ‘यूज बाय’ तारीख या दोन्ही देणे आवश्यक झाले. ‘बेस्ट बिफोर’ ही जादा माहिती म्हणून, उत्पादकाच्या इच्छेनुसार देता येते. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवस, महिना आणि वर्ष द्यावयाचे. त्याहून अधिक टिकणाऱ्यावर महिना आणि वर्ष. म्हणून एखाद्या पुडीवर दोन मुदती दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. अगोदरची स्वादाची, नंतरची सुरक्षिततेची, एवढे ध्यानात ठेवले की झाले.

ही तारीख ठरवितो कोण? पुष्कळांची समजूत अशी की, सरकारी प्रयोगशाळेतून ती ठरून येते. तसे नाही. ती उत्पादक ठरवितो आणि तिची जबाबदारीही त्याचीच. तो आपल्या मालाचे नमुने निरनिराळ्या उष्णतामानात आणि दमटपणात ठेवतो, ठराविक अंतराने त्यांची चव, ओलावा, तेलाचा खवटपणा आणि त्यांतील सूक्ष्म जंतूंची वाढ तपासतो, आणि त्यावरून मुदत ठरवून तीत थोडा हात राखतो. वेष्टनावर चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला असतो तो याच कारणासाठी, की वेळ आली तर कोणाला विचारावयाचे हे कळावे.

आपली ज्ञाती व्यापारी आहे. म्हणून व्यापारातलाच दृष्टांत देतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या पेढीवर मुदती हुंडी चालत असे. हुंडीवर मुदत असे, तशा शर्तीही असत. शर्त मोडली की नुसती मुदत दाखवून कोणी पैसे देत नसे. वेष्टनावरील तारीख ही अशीच एक मुदती हुंडी आहे. तिच्या शेजारीच, बहुधा आणखी बारीक अक्षरांत, शर्ती लिहिलेल्या असतात : ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’, ‘शीतकपाटात ठेवावे’, ‘उघडल्यानंतर इतक्या दिवसांत संपवावे’. आपण हुंडीची मुदत वाचतो आणि शर्ती वाचत नाही. बासुंदीच्या डब्यावर ‘शीतकपाटात ठेवावे’ असे स्पष्ट लिहिले होते. वीज गेली त्या दुपारी शर्त मोडली आणि शर्तीबरोबर ते सहा दिवसही संपले. आम्ही मात्र बुडालेली हुंडी हातात धरून मावशींना दाखवीत होतो.

डॉक्टरांनी त्या वेळी आम्हांस सांगितले ते येथे सांगणे अगत्याचे वाटते. पाच ते साठ अंश सेल्सियस या उष्णतामानात जंतू झपाट्याने वाढतात. दुधाचे पदार्थ, शिजविलेले अन्न, मांस-मासळी ही या टप्प्यात दोन तासांहून अधिक राहू देऊ नयेत. काही जंतू अन्नात असे विष सोडतात की, पुढे ते अन्न गार केले किंवा पुन्हा उकळले तरी विष जात नाही. गार झालेला डबा म्हणजे सुरक्षित डबा, ही आमची दुसरी समजूतही अशी खोटी ठरली.

आणखी एक गोष्ट. वेष्टनावरील तारीख बंद वेष्टनाची असते. ज्या क्षणी आपण पुडी फोडतो, डबा उघडतो, बाटलीचे झाकण काढतो, त्या क्षणी ती तारीख संपते आणि आपल्या घरची तारीख सुरू होते. दीर्घकाळ टिकणारे खोक्यातले दूध महिनोन्‌महिने राहते, कारण ते अतिशय तप्त करून निर्जंतुक खोक्यात भरलेले असते. पण खोके कापल्यावर ते साध्या दुधासारखेच नाशिवंत होते. भगिनींना आमची विनंती आहे की, डबा उघडाल त्या दिवशी त्यावर उघडल्याची तारीख लिहा. एक पेन्सिल आणि कागदाची चिकटपट्टी स्वयंपाकघरात टांगून ठेवा. आमच्या घरी आता हा नियम आहे, आणि सुनेपेक्षा आम्हीच तो अधिक मोडतो हे कबूल करतो.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की, मग तारखा सोडा आणि मावशींच्या नाकावर विश्वास ठेवा. आमचे तसेही म्हणणे नाही. त्या दोन्ही वेळा मावशी बरोबर होत्या आणि आम्ही चुकलो, हे खरे. तथापि नाक सर्वज्ञ नाही. अन्न नासविणारे जंतू वास सोडतात, चव बिघडवितात, बुरशी दाखवितात. पण माणसाला आजारी पाडणारे काही जंतू वास, रंग, चव यांपैकी काहीही न बदलता अन्नात वाढतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर शीतकपाटाच्या गारव्यातही वाढतो आणि गर्भवती स्त्रियांस तो विशेष घातक असतो. खवट, जुन्या किंवा बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते; भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. तेव्हा वरचे चार काळे दाणे निवडून उरलेल्याचे कूट करण्याची काटकसर अंगाशी येण्याजोगी आहे. फुगलेला किंवा गळका पत्र्याचा डबा तर उघडून चाखूनही पाहू नये; त्यातले विष अत्यंत जालीम असू शकते. अशा डब्याच्या बाबतीत तारीख काय म्हणते हे पाहण्याचे कारणच नाही.

म्हणून आम्ही असे म्हणतो की, अन्नाचा निवाडा करताना तीन साक्षीदार बोलवावेत : तारीख, साठवण आणि आपली ज्ञानेंद्रिये. तिघांपैकी एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये. मात्र कोणत्या जिनसाला कोणाची साक्ष अधिक मोलाची, हे तारतम्याने ठरवावे.

दूध, पनीर, खवा, मांस, मासळी, अंडी घातलेले पदार्थ आणि तान्ह्या मुलांचे डब्यातील अन्न यांच्या बाबतीत तारीख उलटली की वाद संपला. तारीख उलटली नसेल तरी साठवणीची चौकशी करावी. तान्ह्या मुलाच्या अन्नाच्या बाबतीत तर एका दिवसाचीही सवलत घेऊ नये. त्याच्या पोषणाचा सारा भार त्या एका डब्यावर असतो, आणि डब्यातील जीवनसत्त्वे काळाबरोबर घटत जातात.

तेल, तूप, फरसाण, शेंगदाणे, सुके खोबरे या स्निग्ध जिनसांचा शत्रू हवा, उजेड आणि उष्णता. यांना खवट वास आला की तारीख शिल्लक असली तरी त्यांचा मोह सोडावा. गव्हाच्या कणकेत कोंडा आणि अंकुराचा स्निग्धांश असतो, म्हणून ती मैद्यापेक्षा लवकर उतरते. दमट कोकणातली कणीक आणि कोरड्या देशावरची कणीक यांचे आयुष्य एक नसते, हे आपल्यापैकी ज्यांचे सासर-माहेर घाटाच्या दोन बाजूंना आहे त्यांना सांगावयास नको.

रवा, पोहे, डाळी, साबुदाणा, चहा, कोरडे मसाले यांच्या ‘बेस्ट बिफोर’ला चार दिवस इकडे-तिकडे झाले म्हणून खड्डा खणण्याचे कारण नाही. चाळावे, निवडावे, वास घ्यावा, ऊन द्यावे. शंका वाटली तर सोडून द्यावे, न वाटली तर संपवावे. साखर, शिर्का यांसारख्या काही जिनसांस तर मुदतीच्या तारखेतून सूट आहे, आणि जागतिक अन्नसंहिता ठरविणाऱ्या कोडेक्स आयोगाच्या प्रमाणकातही तशी सूट दिलेली आहे; कारण त्यांत जंतूंना वाढावयास वावच नसतो.

हे तारतम्य कशासाठी? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा झाला. आणि त्यातले साठ टक्के उपाहारगृहांत किंवा दुकानांत नव्हे, तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरांत वाया गेले. अन्नाला पूर्णब्रह्म मानून पानात शीत टाकू नये असे शिकविणारी आपली परंपरा. त्या परंपरेतल्या माणसाने पंचेचाळीस किलो रवा-पोहे पुरले, आणि ते पुरताना पाठ थोपटून घेतली. अज्ञान हे दारिद्र्याहून महाग पडते ते असे.

आता आपल्या व्यापारी बंधूंना दोन शब्द सांगतो. ते कडू लागल्यास एका जुन्या दुकानदाराचे म्हणून पोटात घालावेत.

नवा माल आला की तो मागे लावावा आणि जुना पुढे घ्यावा, ही शिस्त आमच्या वडिलांनी आम्हांस वयाच्या बाराव्या वर्षी लावली. आज मोठी दुकाने तिला इंग्रजी नाव देऊन नोकरांस शिकवितात. मुदत जवळ आलेला माल लपवू नये. तसे सांगून कमी भावाने विकावा. गिऱ्हाईक दोन रुपये वाचल्याने खूश होते आणि आपला माल मातीत जात नाही. परंतु मुदत संपलेल्या मालावर नवी चिठ्ठी डकविणे, छापलेली तारीख पुसून दुसरी मारणे, हा व्यापार नव्हे. ती चोरी आहे, आणि तागडीच्या चोरीपेक्षा नीच आहे. वजनात मारलेले गिऱ्हाईक पैशास मुकते. तारखेत मारलेले जिवास मुकू शकते. हा रोग पसरू नये म्हणून प्राधिकरणाने २०२४ च्या डिसेंबरात उत्पादक, आयातदार आणि माल पुन्हा बांधणारे यांनी मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाचा हिशेब दर तिमाहीस द्यावा असा आदेश काढला. घरपोच माल देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांनाही त्याच वर्षी सांगण्यात आले की, गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मालाचे तीस टक्के आयुष्य किंवा पंचेचाळीस दिवस शिल्लक असावेत. सुट्या मिठाईच्या ताटापुढे मुदतीची तारीख लावण्याचा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून निघाला होता. या साऱ्या आदेशांना आपल्यातले काही जण कटकट म्हणतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो : आपल्या नातवंडासाठी फळीवरून पुडा काढताना तुम्ही तारीख पाहता की नाही? पाहता ना? मग ती गिऱ्हाइकालाही दिसू द्या.

आणि एक गोष्ट दानाविषयी. वसतिगृहाच्या कोठीत त्या वर्षी जो माल पडून होता त्यातला पुष्कळसा दान म्हणून आलेला होता, आणि येतानाच त्याची मुदत संपत आलेली होती, हे कोठीच्या वहीवरून आम्हांस मागाहून कळले. दुकानात खपेना तेव्हा वसतिगृहाची आठवण झाली. आम्ही कोणाचे नाव घेत नाही, कारण त्या यादीत आमच्याही दुकानाचे नाव होते. उरलेले अन्न गरजूंना वाटण्यासंबंधी प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र विनियम आहेत. पण विनियम नसते तरी ही गोष्ट समजावयास पोथी लागत नाही. जे आपण आपल्या घरच्या पानात वाढणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला देणे, याला दान म्हणत नाहीत. अडगळ काढणे म्हणतात. द्यावयाचे तर मुदतीत द्यावे, भरपूर दिवस ठेवून द्यावे, आणि किती दिवस उरले आहेत हे सांगून द्यावे.

ग्राहक म्हणूनही आपली कर्तव्ये आहेत. पुडा उचलला की उलटून तारीख वाचावी. ‘उत्पादनापासून सहा महिने’ असे लिहिले असेल तर उत्पादनाची तारीख शोधून बोटांवर मोजावे. गरजेपुरतेच घ्यावे, ‘एकावर एक फुकट’ या मोहाने आणलेला दुसरा पुडा बहुधा कचऱ्याच्या डब्यालाच फुकट मिळतो. मुदत संपलेला माल कोणी विकला तर पावती जपून ठेवावी, प्रथम दुकानदारास शांतपणे दाखवावी. त्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. आम्ही दुकानदार असूनही हा क्रमांक सांगतो, कारण प्रामाणिक दुकानदाराला त्याचे भय नाही.

शेवटी वसतिगृहाकडे पुन्हा वळतो. त्या कोजागिरीनंतर आम्ही कोठीच्या कामाचा राजीनामा देऊ केला. अध्यक्षांनी तो स्वीकारला नाही. “चूक कळलेला माणूस काढून न कळलेला का ठेवावा?” असे ते म्हणाले. तेव्हा कोठीत एक नवी वही घातली. तीत पाच रकाने आहेत : जिन्नस, आल्याची तारीख, वेष्टनावरील मुदत, साठवणीची शर्त, उघडल्याची तारीख. वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली हेही तीत टिपले जाते. आम्ही सहावा रकानाही आखला आहे आणि त्याला ‘मावशींचे मत’ असे नाव दिले आहे. पहिल्या पाच रकान्यांत सारे ठीक असले, तरी सहाव्यात मावशींनी ‘नको’ म्हटले तर ती वस्तू मुलांच्या पानात जात नाही. उलट, सहाव्यात त्यांनी ‘चालेल’ म्हटले तरी नाशिवंत पदार्थाची मुदत संपलेली असेल तर तीही जात नाही. मावशींनी हा दुसरा नियम ऐकला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, आता तुम्हाला स्वयंपाक येऊ लागला.”

त्या वर्षी आजारी पडलेल्या अकरा मुलांपैकी एक मुलगा पुढे अन्नतंत्रज्ञानाचा पदवीधर झाला. आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांच्या रांगेत त्याची धाकटी बहीण बसली आहे. तिच्या वडिलांनीच आम्हांस त्या दिवशी तो प्रश्न विचारला होता. ते आज सभेत आहेत. त्यांच्या प्रश्नाला आज आम्ही पुरे उत्तर देतो : होय, तारीख पाहिली होती, पण तिच्या शेजारची ओळ वाचली नव्हती, आणि आपल्याहून अधिक जाणणाऱ्या बाईचे ऐकले नव्हते.

 भोजनाची वेळ झाली आहे. आजच्या बासुंदीचे दूध सकाळीच आले आहे आणि ती मावशींनी स्वतः चाखली आहे.